उंदीर नव्हे, चिचुंद्री!

शिवाजी पार्कात कोण कोण राहते, याची यादी मुंबईकराला तोंडपाठ असते. अमुक इमारतीत क्रिकेटपटू, तमुक गल्लीत नट, कोपऱ्यावर पुढारी, वरच्या मजल्यावर गवई. पार्काच्या कट्ट्यावर अर्धा तास बसले, तर ही सारी घरे बोटाने दाखवणारा कोणी ना कोणी भेटतोच. पण ज्या रहिवाशाबद्दल मी आज लिहिणार आहे, त्याचे नाव या यादीत कोणी घालीत नाही. वास्तविक आमच्या इमारतीतल्या निम्म्या बिऱ्हाडांपेक्षा त्याचा मुक्काम जुना असेल. तो दिवसा दिसत नाही. रात्री दिवे मालवले की मोरीच्या जाळीतून आत येतो, भिंतीची कड न सोडता ओट्याखाली जातो, झुरळे वेचतो आणि उजाडायच्या आत निघून जातो. चुकून कोणाच्या नजरेस पडलाच, तर घरात एकच आरोळी उठते, "उंदीर! उंदीर!" मग केरसुणी निघते, चप्पल निघते, आणि बापड्या जिवाचा निकाल लागतो.

तो उंदीर नसतो. ती चिचुंद्री असते.

बत्तीस वर्षे मी शाळेत शास्त्र शिकवले, आणि त्याहून अधिक वर्षे तळमजल्यावर संसार केला. तेव्हा या प्राण्याची ओळख मला पुस्तकातूनही झाली आणि मोरीतूनही. दोन्हींतली मोरीतली ओळख अधिक खरी, असे माझे मत आहे. उंदीर आणि चिचुंद्री यांतला फरक हा काही शाळामास्तरांचा शब्दच्छल नव्हे. गेल्या वर्षी त्या फरकावरून आमच्या सोसायटीत भर सभेत वाद झाला. तो पुढे सांगेनच. पण आधी आरोपीला नीट पाहून घेऊ.

ओळखावी कशी?

पहिली खूण नाकाची. उंदराचे तोंड बोथट. चिचुंद्रीचे मात्र पुढे लांब निमुळते होत गेलेले, आणि त्याचे टोक सदा हलत असते. अंधारात चाचपडणाऱ्या माणसाने काठी फिरवावी, तशी ती नाक फिरवते. डोळे म्हणजे दोन मोहऱ्या. त्यांनी तिला फारसे दिसत नाही, म्हणूनच ती खोलीच्या मध्यातून सहसा जात नाही. कान बारीक, कातडीला चिकटलेले. अंग मऊ करड्या मखमलीचे. शेपटी बुडाशी जाड आणि टोकाला निमुळती, तिच्यावर विरळ लांब केस उभे. नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंत चार ते सहा इंच, एवढाच सारा जीव.

दुसरी खूण दातांची, पण ती पाहायला चिचुंद्री हातात घ्यावी लागते, आणि घेऊ नये. ती कडकडून चावते. उंदराला पुढे पटाशीसारखे दात असतात. ते जन्मभर वाढत राहतात, म्हणून त्याला सतत काहीतरी कुरतडावे लागते. तुमची पैठणी, तुमचा शब्दकोश, तुमच्या विजेच्या तारा या सगळ्यांचा नाश होतो तो या पटाशीमुळे. चिचुंद्रीच्या जबड्यात अशी पटाशी नाही. तिचे तीस दात बारीक आणि अणकुचीदार असतात. झुरळाची पाठ फोडायला ते उत्तम, पण लाकूड कुरतडायला निरुपयोगी. कपाटाला भोक पडले आणि समोर चिचुंद्री सापडली, तर भोक पाडणारा दुसराच कोणी आहे, हे खुशाल समजावे.

तिसरी खूण नाकाला कळते. तिच्या दोन्ही कुशींवर गंधग्रंथी असतात. घाबरली की त्यांतून उग्र दर्प सुटतो, नराचा तर अधिकच. या वासामुळे मांजर तिला मारते, पण खात नाही. मारून उंबऱ्यावर आणून ठेवते आणि मालकिणीकडे शाबासकीच्या अपेक्षेने पाहते. गव्हाणी घुबडाला मात्र या वासाचे काहीच वाटत नाही. घुबडाने ओकून टाकलेल्या हाडाकेसांच्या गोळ्या शास्त्रज्ञ फोडून पाहतात, त्यांत चिचुंद्रीच्या कवट्या हमखास सापडतात.

आणि चौथी खूण आवाजाची. उंदीर चीं-चीं करतो. चिचुंद्री पळताना बारीक, तुटक, खुळखुळल्यासारखा आवाज करते. मुठीत सुटे पैसे हलवावेत, तसा. चिनी लोकांनी तो आवाज ऐकून तिचे नावच 'पैशांचा उंदीर' असे ठेवले आणि ती घरात येणे शुभ मानले. आपल्या उत्तरेकडेही दिवाळीच्या सुमारास ती दिसली तर लक्ष्मीची चाहूल मानणारी घरे आहेत. आपण मराठी माणसांनी मात्र तिचे नाव एखाद्या किडकिडीत मुलीला चिडवण्यासाठी राखून ठेवले. आणखी एक गोष्ट केली, ती या अंकाला शोभणारी आहे. पूर्वी दिवाळीत 'चिचुंद्री' नावाचा शोभेच्या दारूचा एक प्रकार असे. पेटवली की ती जमिनीवरून सुरसुरत वेडीवाकडी पळे आणि बायकामंडळी लुगडी सावरीत पायरीवर चढत. ते नाव ज्याने ठेवले, त्याने चिचुंद्री नीट पाहिली होती, यात मला शंका नाही.

नातेगोते

आता एक गोष्ट सांगते, तिने माझ्या वर्गातली मुले दरवर्षी चकित होत. उंदीर आणि चिचुंद्री हे एकमेकांचे सख्खे तर सोडाच, चुलतही नव्हेत. सस्तन प्राण्यांच्या वंशवृक्षात एका मोठ्या फांदीवर उंदीर, खार, ससा, माकड आणि माणूस आहेत. दुसऱ्या फांदीवर वाघ-मांजर, गाय, घोडा, वटवाघूळ आहेत, आणि चिचुंद्री त्या फांदीवर आहे. म्हणजे हिशेब असा झाला, की उंदराचे नाते चिचुंद्रीपेक्षा तुमच्याआमच्याशी अधिक जवळचे! "उंदराची नातलग म्हणून तिला मारायची, तर मग आधी आपली पाळी," असे मी वर्गात म्हणे. मुले हसत. हसता हसता ध्यानात ठेवत.

दिसायला एक आणि असायला दुसरे, असा हा प्रकार जगात अन्यत्रही आहे. आपण सिनेमात ऑस्ट्रेलिया पाहतो, तो कांगारूंचा. पण पोटाला पिशवी असणाऱ्या प्राण्यांच्या त्या देशात उंदराएवढे मांसाहारी जीवही पुष्कळ आहेत. अँटेकायनस नावाचा एक आहे. त्याचे चित्र पाहिले, तर तुम्ही म्हणाल, "ही तर आपली चिचुंद्रीच!" तेच लांबट तोंड, तेच रात्रीचे हिंडणे, तेच किडे आणि कोळी यांचे जेवण. पण त्याची पिल्ले अर्धवट वाढलेली जन्मतात आणि आईच्या पोटाला लोंबकळून मोठी होतात. नराची कथा तर ऐकवत नाही. वर्षातून एकदा विणीचा हंगाम येतो, दोन-तीन आठवडे तो खाणेपिणे विसरून माद्यांमागे धावतो, शरीरातली रोगाशी झगडण्याची शक्ती त्यात संपते, आणि हंगाम सरता सरता त्या जंगलातले सगळे नर मरून जातात. पिल्ले जन्माला येतात, तेव्हा बाप नावाचा प्राणी शिल्लकच नसतो. आमच्या मोरीतल्या नरावर असा प्रसंग येत नाही; तो दीड-दोन वर्षांचे आयुष्य बरेच शांतपणे काढतो.

म्हणजे निसर्गाने एकाच धंद्याला दोन देशांत दोन वेगळी माणसे नेमली, असे म्हणायला हरकत नाही. धंदा हा, की रात्री जमिनीलगत हिंडून किडे खायचे. धंदा एक, म्हणून रूपही एक झाले.

नावांचा घोळ मात्र माणसाने घातला. आपल्या गोदामांतून आणि गटारांतून जी धिप्पाड घूस फिरते, तिला तेलुगू भाषेत 'पंदिकोक्कु', म्हणजे डुक्कर-उंदीर म्हणतात. इंग्रजांनी त्याचे 'बँडिकूट' केले. अठराव्या शतकाच्या अखेरीस ते ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर उतरले, तेव्हा तिथला एक लांब नाकाचा, किडे उकरून खाणारा, पिशवीवाला प्राणी पाहून त्यांना हिंदुस्थानातली घूस आठवली, आणि त्यालाही बँडिकूट म्हणू लागले. आज सारे जग 'बँडिकूट' म्हटले की त्यालाच ओळखते. त्याची पिशवी मागच्या बाजूला उघडते, म्हणजे जमीन उकरताना पिल्लांच्या डोळ्यांत माती जात नाही. किती सोयीची रचना! आमची मूळची घूस बापडी नाव गमावून बसली. अर्थात तिच्याबद्दल मला फारशी कळकळ नाही. आमच्या इमारतीचा पाया तिने दोनदा पोखरला आहे.

मनुस्मृतीपासून किप्लिंगपर्यंत

चिचुंद्रीवर माणसाचा राग जुना आहे. मनुस्मृतीच्या बाराव्या अध्यायात कोणत्या चोरीबद्दल कोणता जन्म मिळतो, याची यादी आहे. सुगंधी द्रव्ये चोरणारा पुढच्या जन्मी छुच्छुंदरी होतो, असे तिथे सांगितले आहे. अत्तर चोरले, म्हणून दुर्गंधीचा जन्म. न्यायात विनोदबुद्धी आहे, हे कबूल केले पाहिजे. उत्तर हिंदुस्थानात म्हण आहे ती सापाने छछुंदर तोंडात धरल्याची: गिळवत नाही, टाकवत नाही.

रडयार्ड किप्लिंगचा जन्म १८६५ साली इथेच, आपल्या मुंबईत, जे. जे. कलाशाळेच्या आवारात झाला. त्याच्या १८९४ च्या 'जंगल बुक'मधली मुंगसाची गोष्ट आपल्यापैकी पुष्कळांनी शाळेत वाचली असेल. तीत 'चुचुंद्रा' नावाचे एक पात्र आहे. ते सदा रडते आणि खोलीच्या मध्ये यायचे धैर्य त्याला कधी होत नाही. किप्लिंगने त्याला भित्रा ठरवले; मला वाटते, त्याने निरीक्षण बिनचूक केले आणि निकाल चुकीचा दिला. ज्याला दिसत नाही, त्याने भिंत सोडू नये, यात भित्रेपणा कसला? मिशा भिंतीला लागत राहिल्या, म्हणजे वाट कळते. आमच्या घरी ती ठरलेल्या मार्गाने इतक्या नेमाने येते, की वाटेत मी चप्पल ठेवली तर ती चपलेला वळसा घालते आणि पुन्हा भिंतीला लागते.

त्या काळच्या साहेबलोकांचा आणखी एक समज होता. चिचुंद्री बाटलीवरून नुसती धावून गेली, तरी बुचातून वास आत शिरतो आणि मद्य बिघडते! जर्डन नावाच्या प्राणिशास्त्रज्ञाने १८६७ च्या आपल्या ग्रंथात हा समज खोडून काढला. विलायतेत भरून आलेल्या बाटल्यांना असा वास कधी लागत नाही, तो इथे भरलेल्या बाटल्यांनाच लागतो, तेव्हा दोष भरण्याआधीच्या बुचाचा किंवा बाटलीचा असणार, असा त्याचा सरळ तर्क होता. आपल्याकडे लोणच्याच्या बरणीबद्दल हाच तर्क पुष्कळ सासवासुनांना उपयोगी पडेल.

आपल्या भागातल्या प्राण्यांचा पद्धतशीर अभ्यास मुंबईतच उभा राहिला. १८८३ साली भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्यूझियममध्ये, म्हणजे आजच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात, आठ हौशी मंडळींनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे आपले होते. तिथले क्युरेटर एस. एच. प्रेटर यांचे १९४८ चे भारतीय प्राण्यांवरचे पुस्तक मी अजून जवळ ठेवते. (हे गृहस्थ घटना समितीचेही सभासद होते. प्राणी ओळखणारा माणूस घटना लिहायला बसला, ही गोष्ट मला फार आवडते.)

प्लेग आणि पार्क

एवढे असूनही उंदराच्या नावाने आपल्या अंगावर काटा येतो, त्याला कारण आहे. ते कारण याच शहराच्या इतिहासात आहे, आणि थोडेफार शिवाजी पार्काच्याही. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा पहिला रोगी ओळखला. पुढची वर्षे कशी गेली, ते आपल्या आज्यापणज्यांनी सांगितलेले असते. दाटीच्या, अंधाऱ्या वस्त्या मोडून मोकळे रस्ते आणि हवेशीर घरे करावीत, म्हणून १८९८ च्या कायद्याने सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. शहर उत्तरेकडे सरकले. दादर, माटुंगा, शीव इथे आखीव वसाहती उठल्या. आमच्या भागातले मोठे मैदान १९२५ साली 'माहीम पार्क' म्हणून खुले झाले आणि १९२७ साली अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने त्याला शिवरायांचे नाव मिळाले. तेव्हा आपण ज्या रुंद रस्त्यांचा आणि उघड्या हवेचा अभिमान बाळगतो, त्यांच्या मुळाशी उंदराचे भय आहे, असे म्हटले तर फार चूक होणार नाही.

खरा अपराधी कोण, हेही इथून हाकेच्या अंतरावर, परळला सिद्ध झाले. आज जिथे हाफकिन इन्स्टिट्यूट आहे, त्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमधल्या प्रयोगशाळेत १९०५ पासून प्लेग कमिशनने प्रयोग केले. प्लेगच्या घरात गिनिपिगांचे पिंजरे ठेवले; काही जमिनीलगत, काही उंच टांगलेले. जमिनीलगतचे प्राणी प्लेगने मेले, टांगलेले वाचले. हवेतून रोग येत असता, तर दोघांनाही झाला असता. पिसवांची उडी तेवढ्या उंचीपर्यंत पोचत नव्हती, एवढाच फरक. उंदीर मेला, की त्याच्या अंगावरच्या पिसवा दुसरे गरम अंग शोधतात आणि रोग घेऊन येतात.

आता प्रामाणिकपणे सांगायचे, तर चिचुंद्रीच्या अंगावरही पिसवा असतात. मादागास्करच्या माजुंगा बंदरात प्लेगचे जंतू तिच्यातही सापडले आहेत, आणि काही देशांत लेप्टोचे जंतूही. गटारातून येणारा प्राणी तो. त्याची पाठ थोपटायला जाऊ नये, आणि त्याने तोंड लावलेले अन्न खाऊ नये. शिवाय जहाजांतून ती परक्या बेटांवर गेली, तिथे तिने धुमाकूळही घातला. मॉरिशसला गेली, १९५३ साली प्रशांत महासागरातल्या ग्वामला पोचली, आणि तिथल्या सरड्या-पालींना ती जड गेली. तिला देवता करायची माझी इच्छा नाही. पण धान्याच्या पोत्याभोवती शेकड्यांनी वाढणारा उंदीर आणि किड्यांच्या मागे एकेकटी हिंडणारी चिचुंद्री यांना एकाच फासावर लटकवणे हा न्याय नव्हे.

तिने एक उपकारही केला आहे. उंदराला उलटी होत नाही. त्याच्या शरीरात ती सोयच नाही. त्यामुळे उलटी थांबवणाऱ्या औषधांचा अभ्यास उंदरावर करणे अवघड. चिचुंद्रीला उलटी होते, आणि डब्यात घालून हलवले, तर प्रवासात होते तशीही होते, हे जपानी शास्त्रज्ञांनी १९८० नंतरच्या दशकात दाखवले. तेव्हापासून ती प्रयोगशाळांत पाळली जाते. कर्करोगाच्या औषधांनी होणाऱ्या उलट्यांच्या अभ्यासातही तिचा उपयोग झाला. आमच्या ओळखीच्या एका घरात हे उपचार चालू होते, त्या बाईंना मी ही गोष्ट सांगितली, तर म्हणाल्या, "असं होय? मग येऊ दे हो तिला मोरीत."

सभेत काय झाले

गेल्या पावसाळ्यानंतर आमच्या आवारात उंदीर फार झाले. शेजारची जुनी इमारत पाडली, तिथले सारे आमच्याकडे आले. दोन मोटारींच्या तारा कुरतडल्या गेल्या. सोसायटीची सभा भरली. कीटकनाशकवाल्याने प्रत्येक तळमजल्याच्या मोरीत विषाच्या वड्या आणि जिन्याखाली गोंदाचे चिकट पुठ्ठे, असा बेत दिला होता. सेक्रेटरीसाहेबांनी तो वाचून दाखवला आणि माझ्याकडे पाहिले, कारण दोन मोऱ्या माझ्या घरात आहेत.

मी म्हटले, "वड्या नकोत, आणि पुठ्ठे तर मुळीच नकोत."

"अहो बाई, उंदरांवर दया?"

"उंदरांवर नाही हो. उंदीर पकडाच. पण पुठ्ठ्यावर पहिली सापडेल ती चिचुंद्री. भिंतीच्या कडेने चालते ना! उंदीर हुशार असतो, तो पुठ्ठा ओलांडून जाईल."

मग मी विषाचे सांगितले. आजकालच्या वड्यांनी रक्त गोठायचे थांबते. प्राणी चार-सहा दिवस आतल्या आत रक्तस्राव होऊन मरतो. तोवर तो हिंडत असतो, आणि त्याला जो खाईल, त्याच्याही पोटात ते विष जाते. युरोपात घुबडांच्या शरीरात त्याचे अंश सापडले आहेत. आमच्या पार्काच्या कडेच्या पर्जन्यवृक्षांवर रात्री घुबड बोलते, ते सर्वांनी ऐकले आहे.

दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी रोखठोक विचारले, "काकू, ते सगळं खरं. पण माझ्याकडे रांगतं मूल आहे. उद्या त्याला काही झालं तर?"

हा प्रश्न रास्त होता. तिथे घुबडांच्या गोष्टी सांगून भागणार नव्हते. मी एवढेच म्हटले, की रांगत्या मुलाच्या घरात विषाच्या वड्या अधिक वाईट. आणि उंदीर येतात ते खाण्यासाठी. आवारातले कचऱ्याचे डबे रात्रभर उघडे असतात, तळघराच्या खिडकीला जाळी नाही, पाइपाभोवती भोके आहेत. आधी ती बुजवू. पिंजरे लावू. पिंजऱ्यात जे सापडेल, ते सकाळी पाहू आणि मग ठरवू.

वाद तासभर चालला. महापालिकेचे मूषक-संहारक रात्री काठी आणि बॅटरी घेऊन हिंडत, ती आठवण निघाली; १९९४ साली सुरतेचा आणि आपल्या बीडचा प्लेग निघाला; २००५ चा पूर निघाला. शेवटी हात वर करून मते घेतली. नऊ विरुद्ध सहा. पिंजऱ्यांचा ठराव दोन महिन्यांपुरता मंजूर झाला, आणि सहा मते देणारांनी चहा न घेता सभा सोडली.

पहाटे पिंजरे पाहण्याचे काम अर्थातच माझ्याकडे आले. ते लवकर करावे लागते, कारण चिचुंद्रीला फार वेळ उपाशी राहवत नाही; तिच्या शरीराची भट्टी इतकी जोरात पेटलेली असते, की दहापर्यंत झोपणाऱ्याच्या पिंजऱ्यात ती मेलेलीच मिळते. (तिचीच एक चिमुकली बहीण आहे, दोन ग्रॅम वजनाची. तिचे हृदय मिनिटाला हजारांहून अधिक ठोके देते.) पहिल्या आठवड्यात सतरा उंदीर, दोन घुशी आणि एक चिचुंद्री सापडली. उंदरांचे काय झाले, ते दिवाळीच्या अंकात लिहीत नाही. चिचुंद्री मी मागच्या बागेत तगरीच्या बुडाशी सोडली. वहिनी मुलाला कडेवर घेऊन लांबून पाहत होत्या. म्हणाल्या, "एवढीशीच आहे की हो!"

दोन महिन्यांनी विषाचा विषय पुन्हा पुढे आला नाही. पुढच्या वर्षी येईल. इमारतीच्या पुनर्विकासाची बोलणीही सुरू आहेत. खाली तीन मजले मोटारी आणि आवारभर काँक्रीट, असा नकाशा मी पाहिला आहे. त्यात मोरीची जाळी नाही आणि तगरही नाही.

दिवाळीच्या साफसफाईत

दिवाळीपूर्वी माळे आणि फडताळे रिकामी करताना पुष्कळांना रद्दीच्या मागे कागदाच्या कपट्यांचे आणि चिंध्यांचे घरटे सापडते. शेजारी लेंड्यांचा ढीग आणि कुरतडलेल्या कडा दिसल्या, तर ते उंदराचे. उग्र वास आला आणि झुरळांच्या पंखांचा चुरा दिसला, तर चिचुंद्रीचे. मग घाई करू नये. मोठी एकटीच असेल, तर खोलीचे आतले दार लावावे, बाहेरचे उघडावे आणि भिंतीच्या कडेला बुटाचे रिकामे खोके आडवे ठेवावे. तिला मागून हलकेच केरसुणी दाखवली, की ती भिंत धरून सरळ खोक्यात शिरते. हात लावू नये, नंतर साबणाने हात धुवावेत.

आत पिल्ले असतील, तर ती बहुधा तीन-चार असतात. महिनाभर पोटात वाढवून आई त्यांना जन्म देते, आणि तीन आठवड्यांत ती आपल्या पायांवर उभी राहतात. तेवढे दिवस तो कोपरा झाडायचा राहिला, तरी लक्ष्मी परत जाणार नाही. घरटे हलवायची पाळी आली, की आई ते स्वतःच करते. पहिले पिल्लू तिच्या शेपटीच्या बुडाशी दातांनी घट्ट धरते, दुसरे पहिल्याला धरते, तिसरे दुसऱ्याला. माझ्या नातीने आणि मी बॅटरीला लाल कागद लावून ही आगगाडी एका रात्री पाहिली. ओट्याखालून निघाली, सिलिंडरला वळसा घालून मोरीकडे गेली. मधेच शेवटचे पिल्लू सुटले आणि जागच्या जागी फिरू लागले. आई थांबली, मागे वळली, सारी गाडी वळली. पिल्लाने शेपटी पुन्हा पकडली, आणि चौघे जण जाळीतून खाली गेले.